वरची काच

सनरूफचं काम मी घेत नाही. वायरिंग सांगा, एसी सांगा, सेन्सर सांगा, करून देतो. वरच्या काचेला तेवढं हात लावायला सांगू नका. तुम्हाला त्यासाठी लातूरपर्यंत जावं लागेल याचं वाईट वाटतं, पण इलाज नाही. बसा जरा. लाइट आल्याशिवाय तुमची बॅटरीही बघता यायची नाही. हा चार्जिंगचा दिवा मध्ये ठेवतो, आणि का घेत नाही ते सांगतो. ऐकून हसलात तरी चालेल.

गेल्याच्या मागच्या वैशाखातली गोष्ट. दुपारी दुकानात बसलो होतो, तर माकणीहून फोन आला. माणूस शिवराज म्हणून. सोसायटीत नोकरीला होता. आमची जुजबी ओळख. एकदा त्याच्या गाडीचा हॉर्न दुरुस्त केला होता मी.

"अमरनाथ मिस्त्री, गाडी विकायची हाय," तो म्हणाला. "वाशीचं गिऱ्हाईक ठरलंय. सनरूफची मोटर काढून टाकलीया, नवी आणून ठेवलीया, तेवढी बसवून द्या. आन रिसेट करायचं. ते केल्याबिगर म्या गाडी कुनाला देनार न्हाय."

मला नवल वाटलं. आपल्याकडं गिऱ्हाइकाला रिसेट हा शब्दच ठाऊक नसतो. काच उघडली, मिटली की झालं त्याचं काम.

तुमची गाडी आहे म्हणून सांगतो, समजून घ्या. मोटर काढून परत बसवली की तिला काही आठवत नसतं. काच कुठं मिटते, कुठं संपते, मध्ये काही अडलं तर मागं कधी फिरायचं, हे सगळं तिला नव्यानं शिकवावं लागतं. बटण दाबून धरायचं. काच पूर्ण मिटते, मग आपली आपण पूर्ण उघडते आणि परत येऊन मिटते. तेवढा वेळ बोट उचलायचं नाही. उचललं की पुन्हा पहिल्यापासून. आणि एक गोष्ट कायम ध्यानात ठेवायची... हे शिकणं चालू असताना काच कशालाही थांबत नाही. मध्ये माणसाचा हात असला तरी नाही.

लोहाऱ्याहून माकणी काही लांब नाही. हत्यारांची पिशवी मोटरसायकलला अडकवली आणि निघालो. ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसेना. शिवराजचं घर गावाच्या अगदी कडेला. त्याच्यापुढं जमीन उतरत उतरत धरणाच्या पाण्याकडं जाते. पाणी तेव्हा पार आत गेलं होतं. मागं उरलेल्या गाळाला भेगा पडल्या होत्या, आणि वाऱ्याबरोबर मेलेल्या माशांचा वास यायचा.

ओसरीत त्याची बायको दैवशाला चिंचा फोडत बसली होती. मी "वहिनी, पाणी द्या" म्हणालो. तिनं मान वर केली, माझ्या हातातल्या पिशवीकडं बघितलं आणि पुन्हा चिंचा फोडू लागली.

घराला लागून पत्र्याचं शेड. आत निळ्या ताडपत्रीखाली गाडी. शिवराजनं ताडपत्री ओढली तशी धुळीची लाट अंगावर आली. बॉनेटवर, काचांवर बोटभर धूळ. वरची काच अर्धवट उघडी राहिलेली. पण त्या उघड्या भागाच्या भोवती, छतावर, धूळ नव्हती. पत्रा लखलखत होता. रोज कुणीतरी त्यावर कोपरं टेकवून उभं राहावं, तसा झिजून चमकणारा.

"मोटर कुणी काढली?" मी विचारलं.

"म्याच."

"अशी अर्धी उघडी असताना?"

त्यानं नवी मोटर माझ्या हातात दिली आणि शेडच्या दाराशी जाऊन उभा राहिला. आत यायला तयार नव्हता.

मोटर बसवायला वेळ लागला नाही. छताचं कापड खाली घेतलं, स्क्रू आवळले, प्लग जोडला. नवी बॅटरी त्यानं आधीच लावून ठेवली होती. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो, चावी फिरवली, वरचं बटण दाबून धरलं.

काच गुरगुरत पुढं सरकली. वीतभर फट उरली असेल, तिथं थांबली. आणि मागं फिरली.

मी बोट उचललं. हे होणं शक्यच नव्हतं. मोटर कोरी होती. अडलं तर मागं फिरायचं, हे तिला अजून शिकवलंच नव्हतं कुणी.

खाचेत कचरा असेल म्हणून बोट फिरवून बघितलं. स्वच्छ. रबर मऊ होतं. बोटाला तेलकट लागलं तेवढं. नाकाला लावलं तर खोबऱ्याचं तेल. गाडीच्या खाचेत खोबऱ्याचं तेल कोण घालतं? फडक्यानं पुसलं, ग्रीस लावलं, परत बसलो.

या वेळी काच आधीच थांबली. फट वितीपेक्षा मोठी होती.

मोटरच खराब म्हणून काढली. बॅटरीवर सरळ लावून बघितली, तर सुरेख फिरत होती. पुन्हा बसवली. पुन्हा बटण दाबलं. काच निघाली आणि अर्ध्यातच अडली. गुरगुर वाढली, काच थरथरली, आणि मागं गेली. मी वर बघत होतो. फटीत शेडचा काळा पत्रा दिसत होता, दुसरं काही नाही. तरी मला असं वाटलं की दर खेपेला तिथं काहीतरी जास्त जास्त मावतंय. आधी नुसती मान. आता खांदे.

"जरा थांबा, भावजी..."

मी दचकलो. दैवशाला पाण्याचा तांब्या घेऊन गाडीजवळ उभी होती. ती माझ्याकडं बघत नव्हती. छताच्या वर, हातभर वर बघत होती. चेहरा मऊ झाला होता.

"थांबा जरा. केस अडकल्यात तिचे."

हातातला पाना कुठं ठेवावा तेच मला कळेना.

"कुणाचे, वहिनी?"

"तू घरात जा," शिवराज दारातून म्हणाला. ती हलली नाही. तेव्हा त्यानंच मला खुणेनं बाहेर बोलावलं. शेडच्या सावलीला उकिडवा बसला आणि जमिनीकडं बघत बोलू लागला.

"आमची जाई. तिसरीत हुती. गाडीत बसली की सीटवर उभं ऱ्हाऊन डोकं वर काढायची. लई नाद तिला त्याचा." तो थांबला. "गेल्या साली मोटर बिघडली. मोबाइलवर बघून म्याच काढली, म्याच बसवली. काच उघडत हुती, मिटत हुती. आजून काय पायजे? रिसेट का काय आसतं, ते त्या व्हिडिओतल्या माणसानं शेवटी सांगितलं आसंल. म्या शेवटपर्यंत बघितलंच न्हाय."

मी हातातला पाना खाली ठेवला.

"धरणाच्या रस्त्याला हुतो. वारं सुटलं, लई धुरळा उठला. पोरीच्या डोळ्यात जाईल म्हनून म्या बटण दाबलं. मला वाटलं बसली ती खाली..." त्यानं तोंडावरून पंजा फिरवला. "त्या दिसापासून काच तशीच हाय. ढकलून मिटंना, वढून उघडंना. मोटर काढून फेकली तरी हलली न्हाय. तुमी कशी बी मिटवा. पर शिकवून मिटवा. दुसऱ्याच्या घरात लेकरं हायत."

खरं सांगतो, मला तिथून पळून जायचं होतं. पण त्या माणसाचं तोंड बघून पाय उचलेना. एवढं एक काम झालं तर तो पुढं जगेल, असं काहीतरी मला वाटलं. मी परत आत जाऊन बसलो.

तेवढ्यात वावटळ आली. पाण्याकडून धुळीचा लोट उठला आणि शेडवर आदळला. पत्रे थडथडले, दार धाडकन लागलं, आणि दिवसाउजेडी आत अंधार झाला. डॅशबोर्डचे लाल दिवे तेवढे दिसत होते. आणि त्या अंधारात गाडी वाजू लागली.

टिंग... टिंग... टिंग...

बेल्टचा आवाज. शेजारच्या सीटवर वजन असलं आणि बेल्ट लावलेला नसला, की वाजतो तो. माझी पिशवी असेल म्हणून हात फिरवला. पिशवी माझ्या पायाशी होती. सीट मोकळी होती.

मोबाइलचा उजेड पाडला. सीटच्या गादीत दोन खळगे पडले होते. लहान, शेजारी शेजारी. उभ्या पावलांचे. त्यातला एक जरा खोल गेला आणि वर आला, जणू कुणी टाचा उंचावून बाहेर बघतंय.

माझं बोट बटणावर होतं. दाबलं तर काय होईल हे मला कळत होतं. काच शिकत असताना कशालाही थांबत नाही. जे एकदा झालं होतं, तेच मी पुन्हा करणार होतो.

"मला जमणार नाही," मी म्हणालो.

डाव्या बाजूच्या काचेशी दैवशालाचा चेहरा आला. अंधारात नुसतं कुंकू दिसत होतं. ती हळू बोलत होती, एखादं लेकरू झोपलेलं असावं तशी.

"तिला खाली बस म्हना की... तवा कुनी म्हनलंच न्हाय."

मी म्हणालो, "जाई, खाली बस."

काही झालं नाही. टिंग... टिंग...

"तुमी न्हाय, भावजी. बापानं म्हनायचं."

वावटळीनं आत लोटलेला शिवराज दाराला चिकटून उभा होता. वारा पत्र्यातून शिट्टी घालत होता. तो एकेक पाऊल टाकत माझ्या खिडकीशी आला. त्याच्या अंगाला घामाचा आणि धुळीचा वास येत होता. त्यानं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं.

"जाई..." तो म्हणाला. "बाळा... धुरळा उठलाय. खाली बस. पप्पा... पप्पा काच लावतोय."

गादी हलली. मी मोबाइलचा उजेड तिथंच धरला होता, म्हणून शपथेवर सांगतो. ते दोन खळगे हळूहळू मिटले आणि त्यांच्या जागी एकच, मोठा, पसरट खळगा पडला. सीटची पाठ किंचित करकरली.

"दाबा," दैवशाला म्हणाली.

मी दाबलं. काच सरकली, सरकली, आणि टक्क करून मिटली. बोट उचललं नाही. मग ती आपली आपण पूर्ण मागं गेली. आत धूळ आली, मला खोकला आला, तरी बोट तसंच. परत पुढं आली आणि मिटली. झालं. मोटर शिकली.

टिंग टिंग मात्र चालूच होतं. दैवशालानं दार उघडलं, बेल्ट ओढला आणि मोकळ्या सीटवरून आडवा घेऊन खटक्यात बसवला. आवाज थांबला. आणि तो बेल्ट, सांगू नये पण सांगतो, सीटच्या पाठीला टेकला नाही. हवेत ताणलेला राहिला. छातीवरून गेल्यासारखा.

ती खाली बसून, दाराला डोकं टेकून, आनंदानं रडू लागली. शिवराजही रडत होता. मीही डोळे पुसले. वारा पडला होता, दाराच्या फटीतून पिवळा उजेड आत येत होता. मला वाटलं, माझ्या हातून आयुष्यात एक चांगलं काम झालं.

तेव्हा वरून वाजलं.

काचेवर. बाहेरून. लहान बोटांच्या पेरांनी वाजवावं तसं. थांबून थांबून.

आम्ही तिघांनीही वर बघितलं. काचेवर वावटळीची धूळ बसली होती आणि पलीकडं पत्रा. पुन्हा वाजलं. मी गाडीतून उतरलो, बाहेरून छताकडं बघितलं. तिथं कुणी नव्हतं. मी बघत असतानाच वाजलं, आणि काचेवरची धूळ त्या जागी थरथरली.

शिवराजच्या तोंडावरचं रक्तच उतरलं.

"दैवशाला," तो पुटपुटला, "शाळंतनं आली की दार आसंच वाजवायची ती... आसंच. थांबून थांबून."

त्याचा हात खिडकीतून आत, बटणाकडं गेला. दैवशाला सीटवरून आडवी झाली आणि तिनं त्याचं मनगट धरलं. एवढ्या जोरानं की तो कळवळला.

"उघडायचं न्हाय. ती आलीया आत. बाहेरचं काय बी आसंल."

"अगं, पर ऐक की..."

"न्हाय!"

मी ताणलेल्या त्या बेल्टकडं बघितलं. मग कसंबसं विचारलं, "वहिनी... ती काही बोलती का?"

दैवशालानं मोकळ्या सीटकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. तिचा हात शिवराजच्या मनगटावर तसाच होता, पण बोटं सैल झाली होती.

"न्हाय," ती म्हणाली. "गप बसलीया."

वर वाजत राहिलं. मग कमी झालं. मग फक्त नखं ओढल्यासारखं आलं, आणि तेही थांबलं. मी हत्यारं गोळा केली की तिथंच टाकली, आठवत नाही. मोटरसायकल सुरू करून गाव मागं टाकलं तेव्हा दिवस अजून मावळायचा होता.

ती गाडी विकली गेली नाही. वाशीचं गिऱ्हाईक बघायला आलं होतं म्हणे, पण दैवशालानं त्याला शेडमध्ये पाऊलच टाकू दिलं नाही. शिवराजची बदली होत होती, त्यानं ती नाकारली. अधूनमधून त्याच्याबद्दल कानावर यायचं. मी मुद्दाम त्या बाजूला जात नव्हतो.

गेल्या दिवाळीनंतर तो स्वतः दुकानात आला. ओळखू येईना एवढा वाळला होता. "काम न्हाय काय," म्हणाला. "एकदा येऊन नुसतं बघून जावा. म्या एकलाच बघतोय. येडा झालो का काय, कळंना."

गेलो. दुपारचीच वेळ. दैवशाला गाडीत होती, मागच्या सीटवर. रोज जेवण झालं की जाऊन बसते म्हणाला. डोळे मिटून, पुढच्या सीटच्या पाठीवर कपाळ टेकून बसली होती. फार खंगली होती. पुढच्या सीटवरचा बेल्ट तसाच ताणलेला होता. आम्ही आल्याचं तिला कळलंच नाही.

शिवराजनं मला छताशी नेलं. वरच्या काचेवर, धुळीत, पंजे उमटले होते. इवलेसे, बरेच, एकावर एक.

"रोज सकाळी ताजे आसत्यात," तो म्हणाला. त्यानं आपला पंजा त्यातल्या एकावर हलकेच ठेवला, काढला. "म्या पुसत न्हाय. वाऱ्यानं जात्यात. काच उघडावी म्हनतो, पर ही उघडू देईना. मध्यंतरी ही झोपली हुती तवा हळूच बटण दाबलं हुतं. काच हलली न्हाय. आतनं कुनीतरी धरून ठेवावी तशी."

मी एकेक पंजा बघत होतो.

"आता आतलं बघा," तो कुजबुजला.

मी वाकून, डोळ्यांवर हातांची सावली धरून बघितलं. काचेच्या आतल्या बाजूला, पुढच्या सीटच्या बरोबर वर, एकच पंजा उमटला होता. लावून दाबलेला. बोटं पसरलेली.

"वहिनीचा असेल," मी म्हणालो.

शिवराजनं मान हलवली. "हात लावून बघा."

मला लावायचा नव्हता. पण लावला. काचेच्या बाहेरून, त्या पंजावर माझा पंजा बरोबर धरला, मनगटाला मनगट जुळवून. काच पत्र्याच्या झळीनं तापलेली असायला हवी होती. ती गार होती.

माझी बोटं त्या बोटांच्या मधल्या पेरापर्यंतच पोचली.